जुन्या छोट्या ट्युबाला माउथपीस कोणता लावायचा

शंभरेक वर्षांपूर्वीचा तीन व्हॉल्वचा (सूर बदलायच्या कळांचा) छोटा ई-फ्लॅट ट्युबा (बँडमधलं खालच्या सुराचं पितळी फुंकवाद्य) हाती लागला की बहुतेक जण पहिलं काय करतात, तर आपल्याकडे असलेला आजच्या मोठ्या ट्युबाचा माउथपीस (तोंडाला लावायचा भाग) त्यात खुपसतात, आणि मग म्हणतात वाद्य बेसूर आहे, वरचे सूर उतरतायत, आवाज घोगरा येतोय. वाद्याची चूक नसते हो त्यात, निदान दर वेळी तरी नसते.

माउथपीसवर पैसे घालायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे हवा गळते का: व्हॉल्व न दाबता त्याची स्लाईड (सरकती नळी) इंचभर ओढा, थोडं थांबा आणि मग व्हॉल्व दाबा, फट् असा आवाज आला तर ठीक, काहीच नाही आलं तर आधी व्हॉल्वकडे बघा कारण गळक्या वाद्यात कुठलाच माउथपीस नीट वाटत नाही. दुसरं म्हणजे पिच. त्या काळात हाय पिचची, म्हणजे आजच्यापेक्षा चढ्या सुराची वाद्यं बनायची, अमेरिकेत ए (ज्या सुरावर वाद्यं जुळवतात तो) साधारण ४५७ हर्ट्झ, ब्रिटनमध्ये ४५२ च्या आसपास (तिथल्या ब्रास बँडनी तर ते १९६० च्या दशकापर्यंत धरून ठेवलं होतं), काहींवर तसं कोरलेलंही असतं. आजच्या ४४० च्या तुलनेत ४५७ म्हणजे अर्ध्या सेमीटोनपेक्षाही जास्त चढलेलं. मोठा माउथपीस लावून हे खाली आणता येईल असं वाटत असेल तर सोडून द्या, त्याला ट्यूनिंग स्लाईडच लांब करून घ्यावी लागते.

आता शँक, म्हणजे माउथपीसची वाद्यात बसणारी दांडी. माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत, कपच्या (ओठांजवळच्या वाटीच्या) नंबरावरून वाद घालत बसतात. शँकच्या टोकाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा: जुना अमेरिकन छोटा शँक साधारण १२.५ मिमी, आजचा स्टँडर्ड अमेरिकन १३.२ च्या आसपास, आणि युरोपियन १४ च्या आसपास. फरक चिमूटभर वाटतो, पण शँकचा उतार साधारण २० ला १ असा असतो, म्हणजे व्यासात अर्ध्या मिमीचा फरक असला की माउथपीस १० मिमी कमी किंवा जास्त आत जातो! म्हणून युरोपियन शँक जुन्या छोट्या रिसीव्हरमध्ये (वाद्याच्या ज्या तोंडात माउथपीस बसतो त्यात) जेमतेम टेकतो, तिथून पुढे नळीत मध्येच मोकळी जागा राहते, आणि सूर धड पकडताच येत नाहीत.

तपासायचं असं: माउथपीस हलक्या हाताने बसवा, रिसीव्हरच्या कडेला पेन्सिलची खूण करा, काढून मोजा. २० ते २५ मिमी आत गेला तर छान. १० वरच अडला तर शँक जाड आहे, ३५ गेला किंवा आतल्या नळीला जाऊन टेकला तर बारीक. आणि बसवल्यावर डुगडुगत असेल तर उतार जुळत नाहीये किंवा रिसीव्हरच वाकडा झालाय.

बारीक शँकसाठी एक स्वस्तातली युक्ती आहे, साध्या कागदाची पट्टी शँकभोवती एक वेढा गुंडाळून बसवा आणि वाजवून बघा, मग दोन वेढे, असं करत कुठे आवाज मोकळा होतो ते कळतं. तेवढं कळलं की मग अडॅप्टर घ्या. जाड शँक असेल तर लेथवर उतरवून घेता येतो. पण कापाकापी करायची ती माउथपीसची, वाद्याचा रिसीव्हर मोठा करायला कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, माउथपीस दुसरा मिळेल, रिसीव्हर नाही.

मग कप. ऑगस्ट हेलबर्ग हे सूझा या अमेरिकन बँडमास्टरच्या बँडमधले नावाजलेले ट्युबावादक, त्यांच्या नावाचा कॉन कंपनीचा खोल, नरसाळ्यासारखा माउथपीस आजही मोठ्या ट्युबावर सर्रास चालतो, आणि तिथे तो मस्तच वाटतो. छोट्या ई-फ्लॅटवर मात्र जड पडू शकतो. कारण कपमधली जागा ही नळीची लांबी वाढवल्यासारखं काम करते आणि वरच्या सुरांवर तो परिणाम जास्त होतो, म्हणून कप फार मोठा असला की खालचे सूर जागेवर आणि वरचे उतरलेले. दोन माउथपीसची तुलना करायची तर रिमवर (ओठांना टेकणाऱ्या कडेवर) तळहात आपटून बघा, पॉप असा आवाज येतो, ज्याचा पॉप खालच्या सुरात तो एकूण मोठा.

नंबरावर फार विसंबू नका. बाख कंपनीत नंबर वाढला की माउथपीस लहान होतो, १८ आतून साधारण ३२.५ मिमी आणि २४एडब्ल्यू ३१ च्या आसपास, दुसऱ्या कंपनीत हिशोबच वेगळा, आणि मिमीसुद्धा प्रत्येक जण रिमच्या वेगवेगळ्या खोलीवर मोजतो. जुन्या छोट्या ट्युबासोबत आलेले माउथपीस बरेचदा ३० किंवा त्याहून लहान असतात. तुम्ही मोठा ट्युबाही वाजवत असाल तर मी म्हणेन रिम ओळखीची राहू द्या, ३१ च्या आसपास, आणि फक्त कप उथळ घ्या, ओठांना रोज नवीन सवय लावायला नको.

ट्रायल घेताना कळ न दाबता खालचा ई-फ्लॅट, बी-फ्लॅट, वरचा ई-फ्लॅट, जी, बी-फ्लॅट असं सावकाश वाजवा, आधी कानाने, मग ट्यूनर लावून. वरचे ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट दोन्ही उतरत असतील तर कप लहान करा, वर चढतायत आणि खाली पातळ आवाज येतोय तर मोठा करा. तो जी जरा उतरलेला असणारच, पाचवा हार्मोनिक (त्याच नळीतून निघणाऱ्या सुरांच्या क्रमातला पाचवा) तसाच असतो, त्यासाठी माउथपीस बदलू नका.

जुना मूळ माउथपीस मिळाला असेल आणि चांदीचा मुलामा उडून पितळ दिसत असेल तर वाजवायच्या आधी पुन्हा मुलामा करून घ्या, उघड्या पितळेने ओठांची आग होते काही जणांना. आणि बसवताना वरून थापट्या मारू नका, अडकला तर पकडीने पिळून लीडपाईपचा (माउथपीसनंतरच्या पहिल्या नळीचा) सांधा सुटतो, त्यासाठी माउथपीस पुलर येतो तोच वापरा.