भातात गोल करपलेले चट्टे, पण पानांवर कीड नाही: माझा अनुभव

गोव्यात पेडण्यातली आमची सरद, म्हणजे पावसाळी शेती, जया जातीचं भात. निसवायच्या (लोंब्या बाहेर पडायच्या) सुमारास मधोमध गोल तपकिरी चट्टे पडले. पानं चाळली, जाळी फिरवली, हाती काही नाही. युरियानं चट्टे फोफावले, वरून मारलेलं औषध फुकट गेलं. जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी बुंध्याशी बघितलं. सकाळी शेतात तिरकं चालत, विखुरलेले 20 चूड (रोपांचे झुपके) घेतले. चूड किंचित वाकवून बुंध्यावर चापट्या मारल्या, की बुंध्यातला रस शोषणारे तपकिरी तुडतुडे पाण्यावर पडतात, चट्टे त्यांचेच. लगेच मोजायचे, क्षणात परत चढतात. सोबत चुडातले फुटवे आणि तुडतुडे खाणारे कोळीही मोजायचे. फवारणीची मर्यादा फुटव्यामागे 1 तुडतुडा. चुडामागे एखादा कोळी असेल तर 2. आमची ओलांडली होती. आधी पाणी काढलं, मग ओळी बाजूला सारून फवारा थेट बुंध्यावर. आठवड्यानं परत मोजले, तुरळकच उरले होते.