गाडीत लेकरू रमवायचं तर टेपच्या पट्ट्या जवळ ठेवा

दीड-दोन वर्षांचं लेकरू एका खेळण्यात दहा-पंधरा मिनिटांच्या वर रमत नाही. म्हणून धारणीहून अमरावतीला निघताना सगळी खेळणी एकदम हातात देऊ नका. पाच-सहा मऊ, हलक्या वस्तू कापडी पिशवीत लपवा, एकेकच बाहेर काढा.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे कागदी मास्किंग टेप. प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर वीतभर लांबीच्या आठ-दहा पट्ट्या आडव्यातिडव्या चिकटवा. प्रत्येकीचं एक टोक बोटभर दुमडून ठेवा, नाहीतर इवल्या नखांना ती धरता येत नाही आणि रडारड सुरू होते. ओढली की चर्रकन आवाज येतो, तोच खरा खेळ! पॅकिंगची खाकी टेप मात्र नको, लेकराच्या ताकदीनं ती सुटत नाही. निघालेल्या पट्ट्या लगेच गोळा करा, तोंडात जातात.

वाटेत मेळघाटातल्या सेमाडोहच्या वळणांवर चित्रांचं पुस्तक आणि मोबाईल दोन्ही बंद. मान खाली घालून पाहिलं की मळमळतं. तिथं खिडकीतून लांबचं दाखवा: सागाची झाडं, बकऱ्या, बैलबंडी.

फुटाणे, शेंगदाणे अजिबात देऊ नका, गचका बसला की श्वासनलिकेत अडकतात. संत्र्याची फोड बिया आणि साल काढून, बारीक तुकडे करून द्या, तीही गाडी थांबल्यावरच. दर दीड तासानं दहा मिनिटं उतरवून पळू द्या. कितीही रडलं तरी चालत्या गाडीत सीटचा पट्टा सोडून मांडीवर घेऊ नका. आधी गाडी बाजूला लावा.