सांदवाडीत शिंजीर यायचा असेल तर

मोबाइलवर हमिंगबर्डचे व्हिडिओ पाहून आपल्याही सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, साखरपाण्याची बाटली टांगावीशी वाटते. पण हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीच. आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर (सनबर्ड) पक्षी, जेमतेम १० सेंटीमीटरचा. दोघं मध पितात, पण कुळं वेगळी. हमिंगबर्डचा पंख वर जातानाही अंग तोलून धरतो, म्हणून तो हवेत एका जागी थांबतो, मागेही उडतो. शिंजीर क्षणभर तरंगतो खरा, पण पोटभर प्यायला त्याला बसायला काडी लागते. म्हणून बाटलीपेक्षा झुडूप बरं. शिवाय मे महिन्याच्या उन्हात साखरपाणी काही तासांतच आंबतं, मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

फाल्गुनात धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, पळस आणि काटेसावर त्याला पुरतात. टंचाई पडते ती त्यानंतर, तेव्हा जास्वंदच कामी येते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर काडी घ्या, दोन डोळे (फूट येते त्या गाठी) मातीत जातील अशी लावा. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत सारखं मिसळा. उन्हाळ्यात पाणी तुटलं की कळ्या गळतात. पाणी देताना पानांवरही शिंपडा, ओल्या पानांत शिंजीर अंग घासून आंघोळ करतो. कुंपणाला अडुळसा लावा, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत.

जास्वंदीच्या फुलाच्या बुडाशी बारीक भोक दिसलं तर कीड समजून फवारू नका. शिंजीर बाहेरूनच चोच खुपसून मध चोरतो. पिठ्या ढेकूण असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी पुरे. कपाशीचं उरलेलं आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) औषध मात्र नको, ते फुलातल्या मधात उतरतं.

घरटं ओळखा. हातभर उंच किंवा डोक्याइतक्या उंचीवर फांदीला, कधी पडवीतल्या तारेला, जाळी-जळमटात अडकलेला कचरा लटकलाय असं वाटतं. बाजूला भोक, वर छोटी पडवी. कोळ्याचं जाळं, वाळली पानं, सालीचे तुकडे असं सगळं मादी एकटीच विणते. खराट्याने जळमटं झाडताना नेमकं हेच पडतं. मार्च ते मे जाळी काढायची तर आधी भोक आहे का पाहा. अंडी बहुधा दोन. मादी पंधरवडाभर उबवते, मग पिल्लांना दोघं मिळून कोळी-किडे भरवतात. तेवढे दिवस दहा-बारा फूट लांबच राहा, फांदी वाकवून आत डोकावू नका.

नर दुचाकीच्या आरशावर टोचा मारत बसला तर त्याला आपलंच प्रतिबिंब वैरी वाटतंय. आरशावर जुना मोजा चढवा.