दुधातलं अँटिबायोटिक संकलन केंद्रावरच कसं पकडायचं

दगडी (कासेची सूज, मस्टायटिस) झालेल्या देवणी गाईच्या एका सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली की औषध तेवढ्याच सडात राहतं, हा समज चुकीचा आहे. रक्तातून ते उरलेल्या तीन सडांतही उतरतं, म्हणून चारही सडांचं दूध वेगळं काढायचं. किती दिवस, ते लेबलवर बघा. छापलेलं नसेल तर औषध नियमांप्रमाणे दुधासाठी किमान 7 दिवस. उकळून हे अवशेष जात नाहीत.

केंद्रावर प्रत्येकाच्या दुधाचा नमुना नाव-तारीख घालून बर्फात ठेवा. आधी कॅन नीट ढवळून त्याचा एकच नमुना तपासा. दोष निघाला तर कॅन थांबवा आणि एकेकाचा नमुना काढून बघा. खर्च वाचतो.

तपासणीच्या पट्टीसाठी साधारण 200 मायक्रोलिटर दूध किटमधल्या रसायनाच्या वाटीत घालून रंग पूर्ण विरघळेपर्यंत पिपेटने मिसळा. वेळ आणि तापमान किटच्या कागदाप्रमाणेच. चाचणीची रेघ कंट्रोलपेक्षा (पट्टी नीट चालते का ते दाखवणाऱ्या रेघेपेक्षा) फिकी किंवा गायब असेल तर दुधात औषध आहे. कंट्रोलचीच रेघ नसेल तर पट्टी बाद. पट्ट्या 2 ते 8 अंशांत ठेवा. मे महिन्यात टेबलावर पडलेला डबा वापरू नका. बीटा-लॅक्टमची (पेनिसिलिन गटाची) पट्टी एन्रोफ्लोक्सासिन हे दुसऱ्या गटातलं अँटिबायोटिक दाखवत नाही, तेव्हा कोणतं इंजेक्शन दिलंय ते मालकाला विचाराच.

जांभळ्या एम्प्यूलची (जिवाणू भरलेल्या छोट्या कुपीची) जिवाणू चाचणी जास्त औषधं पकडते: 0.1 मिलि दूध, 64 अंश, सुमारे 3 तास. पिवळी झाली तर दूध स्वच्छ, जांभळीच राहिली तर संशय. आपल्याकडे घोळ होतो तो लोडशेडिंगमुळे. तापमान उतरलं की जिवाणू मंदावतात आणि चांगलं दूधही जांभळं दिसतं. म्हणून इन्क्युबेटरला इन्व्हर्टर हवा, आणि दर वेळी खात्रीच्या दुधाची एक एम्प्यूल सोबत लावा. ती पिवळी झाली की मगच बाकीच्या वाचा.

चीक आणि दगडीचं दूधही जांभळं राहतं. तोच नमुना 80 अंशांवर 10 मिनिटं तापवून, गार करून पुन्हा लावा. आता पिवळा झाला तर दोष दुधातल्या नैसर्गिक रोधकांचा (जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या घटकांचा) होता. जांभळाच राहिला तर प्रयोगशाळेत एलसी-एमएसला (नेमकं औषध ओळखणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला) पाठवा. फॉर्मालिन टाकलेलं दूधही असंच फसवतं, त्याची चाचणी वेगळी करा.

घरी दही लागलं नाही तर संशय घ्यायला जागा आहे. लागलं म्हणून दूध शुद्ध ठरत नाही, थोडं औषध असूनही विरजण लागतं.

बाद झालेलं दूध वासरांना पाजू नका.