तोल सावरला तो चीगोंगने
दिवसभर शिलाई मशीनवर बसून माझे खांदे भरून यायचे आणि उठलं की तोल जायचा. डॉक्टरांनी तपासून व्यायामाला हरकत नाही असं सांगितल्यावर रंकाळ्याच्या काठावर चीगोंग सुरू केलं. संथ हालचाली, श्वास आणि लक्ष यांचा हा चीनचा जुना सराव. त्यातला बादुआनजिन हा आठ हालचालींचा संच खांद्यांना मानवला. पण खरा फरक पडला तो नुसतं उभं राहण्याने. पावलं खांद्याइतकी रुंद, गुडघे किंचित सैल, जीभ टाळूला, लक्ष बेंबीखाली. सुरुवातीला मांड्या थरथरतात, थरथरू द्याव्यात. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, हे तेव्हाच कळतं. ची म्हणजे प्राणशक्ती म्हणतात. मला तळहातांत ऊब जाणवते, तेवढं पुरे. आता कठडा न धरता जिना उतरते, चिडचिडही लई कमी झाली. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसूनही करता येतं.