पायलाटेकमधून मराठी पावत्या काढताना

सोसायटीच्या देखभाल पावत्या दर महिन्याला हाताने बनवत असाल, तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पायलाटेक ही लायब्ररी (तयार कोडचा संच) जरूर वापरा. सभासदांची यादी वाचायची, प्रत्येकासाठी लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीची फाइल तयार करायची आणि पीडीएफ काढायची, एवढंच काम.

पण मराठी मजकूर टाकला की बहुतेक जण अडतात. सांगितलं नाही, तर लायब्ररी पीडीएफलाटेक या कंपायलरकडे (लाटेक फाइलची पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रामकडे) वळते आणि त्याला देवनागरी झेपत नाही. म्हणून कंपायलर स्वतः सांगा: झीलाटेक. डॉक्युमेंट बनवताना फॉन्टएन्क आणि इनपुटएन्क (एन्कोडिंगचे पर्याय) दोन्हींना 'नन' (None) द्या, एलमॉडर्न हा आपोआप येणारा फॉन्ट बंद करा आणि हवा तो फॉन्ट निवडू देणारं फॉन्टस्पेक पॅकेज जोडा. फॉन्ट म्हणून आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या; जोडाक्षरं फार सुबक येतात. मात्र फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी असल्याचं लिहायलाच हवं. ते राहिलं तर 'किरण'मधली वेलांटी क-च्या आधी न येता नंतर उमटते, आणि स्वतःचं नाव असं छापलेलं कुणालाच आवडत नाही.

नावात '&' किंवा '%' असेल तर घाबरू नका. लाटेकमध्ये या चिन्हांना खास अर्थ असतो, पण साधी स्ट्रिंग (मजकूर) जोडली की लायब्ररी ती आपणच सांभाळते. मजकूर जसाच्या तसा लाटेककडे सोडणारं नोएस्केप मात्र फक्त स्वतः लिहिलेल्या लाटेक आज्ञांसाठी ठेवा, बाहेरून आलेल्या नावांसाठी कधीच नको.

आणि सुरुवातीला क्लीन_टेक्स (तयार झालेली टेक्स, म्हणजे लाटेकची फाइल शेवटी पुसायची का, हे ठरवणारा पर्याय) 'फॉल्स' ठेवा. पीडीएफ अडली की ती टेक्स फाइल उघडून चूक नेमकी कुठे आहे ते बघता येतं.