जवळ आहे ते द्या: विश्वासातलं धन वाटताना

"माझ्याजवळ देण्यासारखं आहे तरी काय?" असं मंडळीत (चर्चमध्ये) कुणी म्हटलं की मी बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ३ उघडायला सांगते. मंदिराच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजाशी बसलेल्या पांगळ्याला येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, सोनं-रुपं माझ्याजवळ नाही, पण जे आहे ते तुला देतो. आणि त्याचा उजवा हात धरून त्याला उठवतो. हात धरला, हे विसरू नका.

तर आधी एक वही घ्या. संकटात बायबलमधल्या कुठल्या वचनानं तुम्हाला धरून ठेवलं, ते लिहा. सिद्धांत नकोत, स्वतःचे दिवस लिहा: आजारपण, कर्ज, घरातला अबोला. पौलाचं करिंथकरांना दुसरं पत्र (२ करिंथ १:४) सांगतं की देव आपलं सांत्वन करतो ते आपल्याला इतरांचं सांत्वन करता यावं म्हणून. लेकरू गमावलेली आई तशाच दुसऱ्या आईजवळ बसते, तेव्हा तिच्या दोन शब्दांना जे वजन असतं ते माझ्या मते कुठल्याही उपदेशाला येत नाही.

मग एकच माणूस निवडा आणि आधी ऐका. प्रेषितांच्या कृत्यांतच, आठव्या अध्यायात, सुवार्ता सांगणारा फिलिप्प एका कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याच्या रथाजवळ धावत गेला, तो अधिकारी यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय हे त्यानं ऐकलं आणि विचारलं, "वाचता ते समजतं का?" अधिकाऱ्यानं बोलावल्यावरच फिलिप्प रथात चढला आणि जो उतारा उघडा होता तिथूनच त्यानं सुरुवात केली. आपणही तसंच करावं. पाठ केलेलं भाषण घेऊन कुणाच्या घरी जाऊ नये.

आमच्यातल्या एका बहिणीचे पती वारले, तेव्हा मी तिला स्तोत्र १३ मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. पहिल्या दोनच ओव्यांत दावीद देवाला "कुठवर?" असं चार वेळा विचारतो. ती ते मोठ्यानं वाचत गेली आणि म्हणाली, "असं देवाला विचारलेलं चालतं?" चालतं, बाई. शोकात असलेल्याला आनंदाची वचनं ऐकवण्याची घाई करू नका. रडायला शब्द देणं हेसुद्धा देणंच आहे.

"प्रार्थनेत आठवण ठेवीन" म्हणून उठू नका. "आत्ता करू का?" असं विचारा. हो म्हणाले तर दोन मिनिटं पुरेत. नाव घेऊन मागा: तपासणीचा रिपोर्ट, मुलाची नोकरी, रात्रीची झोप. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका. मागितलेलं वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या भेटीत त्याची चौकशी करा. कुणाची समजूत चुकत असेल, तर प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्यानं अपुल्लो नावाच्या उपदेशकाला जसं आपल्याकडे नेऊन नीट समजावलं, तसं बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत नको.

घरात अन्न नसेल तर आधी अन्न पोहोचवा. याकोबाचं पत्र (२:१५-१६) यावर अगदी स्पष्ट आहे: उपाशी माणसाला नुसतं "तृप्त व्हा" म्हणून काय उपयोग? पैसे देताना रक्कम मनाशी आधी ठरवा, कुरकुरत देऊ नका, आणि बोलून दाखवू तर मुळीच नका.

आणि घ्यायलाही शिका. रोमकरांना आत्मिक दान द्यायला निघालेला पौल लगेच पुढे लिहितो की तुमच्या विश्वासानं मलाही धीर मिळावा (रोम १:१२). म्हणून निघण्यापूर्वी समोरच्याला म्हणा, "आता तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा," आणि कशासाठी ते खरंखरं सांगा.